कर्नल, ड्रायव्हर आणि चाळीस सेकंदांची आत्या

टीव्ही मी घराबाहेर काढला, त्याला सोळा दिवस झाले होते. भिंतीवर त्याच्या जागी फिकट रंगाचा एक चौकोन उरला होता आणि आत्या रोज संध्याकाळी सवयीनं त्या चौकोनासमोर येऊन बसायची. "काय बघतेस?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "शांत कार्यक्रम आहे. बस तूही."

टीव्ही काढण्यामागं तत्त्व होतं. माझा कॉम्प्युटर मुक्त प्रणालीवर चालतो. मुक्त म्हणजे जिच्या आत काय आहे ते कुणीही वाचू शकतो, सुधारू शकतो आणि बिघडवू शकतो. यातलं पहिलं आणि दुसरं मला जमत नाही. पण असा कॉम्प्युटर घरात असताना वेगळा टीव्ही कशाला, असं मी जेवताना एक भाषण केलं. तळहाताएवढं ट्यूनर कार्ड मिळतं. ते कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं, त्याला अँटेना जोडायची, की हवेतून येणारे सगळे चॅनल पडद्यावर. कार्ड माझ्याकडे होतं. त्याच्या खोक्यावर एक हसरं कुटुंब छापलेलं होतं आणि मला ते आमचंच भविष्य वाटत होतं. मग मी टीव्ही उचलला आणि वाचनालयाला देऊन टाकला. तिथं त्याच्यावर वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे ठेवतात.

सतराव्या दिवशी, सोमवारी, आत्याला पत्र आलं.

आत्या एकतीस वर्षं टेलिफोन केंद्रात होती. "नमस्कार, नंबर सांगा" आणि "जरा थांबा, जोडून देते" ही दोन वाक्यं तिनं सगळ्या शहराच्या कानात घातली. तो आवाज निवृत्त होताना तिनं बहुधा हेडफोनबरोबर परत केला असावा, कारण घरी आम्ही तो कधी ऐकला नाही. घरी तिचा आवाज साधा आहे, "ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला?" छापाचा. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी जुन्या टेलिफोन केंद्रावर कार्यक्रम करायला आले होते आणि त्यांनी आत्याला तिच्या जुन्या, वायरी खोचून फोन जोडायच्या फळ्यासमोर बसवून चित्रीकरण केलं होतं. पत्रात लिहिलं होतं की त्यातली चाळीस सेकंदं घेतली आहेत. रविवारी दुपारी चार वाजता. एकदाच दाखवणार.

आत्यानं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "एकतीस वर्षं लोकांनी मला नुसतं ऐकलं. माझ्या आवाजाला दुरून नमस्कार करणारी माणसं दुकानात मला कोपर मारून पुढं जातात. बोलताना मी दिसते कशी, ते मलाही ठाऊक नाही रे." मग तिनं भिंतीवरच्या चौकोनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अजिबात काळजी करू नकोस," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी ज्यांना ज्यांना म्हणालो, त्या सगळ्यांची एक सभा भरवली तर मोठं सभागृह लागेल.

दुसरा काही इलाज नव्हता असं नाही, पण होता तो निरुपयोगी होता. समोरच्या काकूंकडे केबल, आणि केबलवाल्याच्या यादीत हा चॅनल नव्हता. वाचनालय रविवारी बंद.

मंगळवारी संध्याकाळी मी कार्ड बसवलं. कॉम्प्युटर सुरू झाला, त्यानं स्वतःच्या पोटातल्या सगळ्या वस्तूंची हजेरी घेतली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: अनोळखी उपकरण.

"ड्रायव्हर नाहीये," मी गंभीरपणे जाहीर केलं.

"आपल्याकडे गाडी कधी आली?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी समजावलं की ड्रायव्हर म्हणजे कार्डाची आणि कॉम्प्युटरची ओळख करून देणारा छोटासा प्रोग्रॅम. तो नसेल तर दोघं एकाच खोक्यात वर्षानुवर्षं राहतील, पण एकमेकांकडे बघणार नाहीत.

"आपल्या जिन्यात सगळे तसेच राहतात," आई म्हणाली. "त्यांच्यासाठी कुणी प्रोग्रॅम लिहीत नाही."

आमचं दार उघडं असलं की समोरच्या काकूंचं आपोआप उघडतं. दोन्ही दारांचा ड्रायव्हर एकच असावा. काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "ड्रायव्हर पाहिजे ना? मग तळमजल्यावरच्या कर्नलसाहेबांचा होता की! काय गुणी माणूस. आता बेकरीची गाडी चालवतो. भांडणच झालं ना त्यांचं."

भांडणाची हकिकत इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. निवृत्त कर्नलसाहेब आणि त्यांचा ड्रायव्हर नऊ वर्षं एका गाडीत सुखानं फिरले. एके दिवशी चौकातल्या कारंज्यापाशी साहेब म्हणाले डावीकडून घे, ड्रायव्हर म्हणाला उजवीकडून बरं पडेल. गाडी कारंज्यासमोर अकरा मिनिटं उभी राहिली. मग ड्रायव्हरनं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो चालत घरी गेला. त्याला सहा वर्षं झाली. गाडी अंगणात आच्छादनाखाली उभी आहे. तिच्यावर मांजर झोपतं, आणि मांजरावर ऊन.

"काकू, तो ड्रायव्हर नाही," मी म्हणालो.

"सगळे आधी असंच म्हणतात," काकू म्हणाल्या.

बुधवार आणि गुरुवार मी संगणकवाल्यांच्या एका मंचावर घालवले. तिथं जगभरची माणसं एकमेकांना "हे आधी विचारून झालं आहे" असं प्रेमानं सांगत असतात. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर लिहिणारा माणूस तिथंच सापडला. त्यानं स्वतःचं नाव 'झोपाळू घुबड' ठेवलं होतं. त्यानं लिहिलं: "हा ड्रायव्हर मी नऊ वर्षांपूर्वी लिहिला. आईला एक मालिका बघायची होती. मालिका संपली, मीही लक्ष देणं सोडलं. नव्या कर्नलनं सगळे दरवाजे बदलले आहेत, तो याला आत घेणार नाही. जुना कर्नल परत आण. त्यांची ओळख आहे. कुणासाठी हवंय?"

मी लिहिलं, "आत्यासाठी."

"मग जमेल," घुबड म्हणालं. त्याखाली बरंच काही बारीक अक्षरात होतं, ते मी नंतर वाचायचं ठरवलं.

आता हा कर्नल कोण, ते सांगायला हवं. प्रणालीच्या सगळ्यात आत एक गाभा असतो. सगळी यंत्रं त्याच्या हुकमात. त्याचं इंग्रजी स्पेलिंग फौजेतल्या कर्नलपेक्षा वेगळं आहे, पण आपल्या तोंडी दोघंही कर्नलच. हे दोन मिनिटांचं स्पष्टीकरण मी त्याच आठवड्यात इमारतीत दिलं असतं, तर आज मला जिना मान वर करून उतरता आला असता.

शुक्रवारी मी अँटेनासाठी गच्ची मागायला इमारत समितीच्या चिटणिसांकडे गेलो. चिटणीस दिवसभर घरात बूट घालून बसतात, कधीही सभा बोलवावी लागेल म्हणून. त्यांनी छापील अर्ज काढला. गच्चीवर ठेवायच्या वस्तू तीन: पाण्याची टाकी, झेंडा, कपड्यांची दोरी. चौथा रकाना 'इतर'.

"इतर लिहिलंत तर सर्वसाधारण सभा लागेल," ते म्हणाले. "दोरी लिहू?"

"अँटेना उभी असते हो."

"मग उभी दोरी." त्यांनी लिहिलं. "प्रयोजन?"

मी प्रामाणिक माणूस आहे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. अर्जात खोटं लिहिलेलं मला दुरून ओळखू येतं. मी म्हणालो, "नव्या कर्नलचं आणि ड्रायव्हरचं जमत नाही, म्हणून जुना कर्नल परत आणायचाय."

चिटणिसांचं पेन थांबलं. "नवा कर्नल कधी आला?"

"गेल्या महिन्यात. आपोआप आला."

"आणि जुने?" त्यांचा आवाज खाली गेला.

"आहेत की आत. नुसतं झाकून ठेवलंय. सुरू करताना बटण दाबून धरलं की यादीत दिसतात."

चिटणीस बराच वेळ जमिनीकडे, म्हणजे तळमजल्याच्या दिशेला, पाहत राहिले. मग त्यांनी प्रयोजन जसंच्या तसं उतरवलं, शिक्का मारला आणि नियमाप्रमाणे अर्जाची प्रत जिन्याखालच्या फलकावर लावली.

शनिवारी सकाळी कर्नलसाहेबांचं बोलावणं आलं.

ते व्हरांड्यात नेच्यांच्या कुंड्यांमध्ये आरामखुर्चीवर बसले होते. हिरव्या उजेडात ते पाण्याखाली बसल्यासारखे दिसत होते.

"माझ्या जागी कोण आलंय?"

"साहेब, तो कर्नल वेगळा. तो कॉम्प्युटरच्या आत असतो."

"काय करतो आत?"

"सगळ्यांना हुकूम सोडतो. पण स्वतः कुणाला दिसत नाही. बाहेरचं कुणी त्याच्याशी थेट बोलत नाही. सगळं ड्रायव्हरमार्फत."

साहेबांनी एका नेच्याचं पान उलटं करून पाहिलं. "आणि ड्रायव्हर सोडून गेला तर?"

"तर ते यंत्र जागच्या जागी पडून राहतं, साहेब. असतं, पण चालत नाही."

बाहेर आच्छादनाखालची गाडी होती. मांजर कूस बदलत होतं. मी शपथेवर सांगतो, मला काहीही सुचवायचं नव्हतं. तांत्रिक माहिती देत होतो.

"डावीकडूनच जायला हवं होतं," साहेब अगदी हळू म्हणाले.

"काय, साहेब?"

"काही नाही. जा तू."

दुपारी मी जुना कर्नल आणि घुबडाचा ड्रायव्हर एकत्र घडवायला घेतले. या कामात माणसाला काही करायचं नसतं. एक आज्ञा द्यायची आणि पडद्यावरून हजारो ओळी वर वर चढताना बघायच्या. घरात सगळे झोपले होते. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, ओळी चढत होत्या, आणि थोड्या वेळानं धूळ कुठली आणि ओळी कुठल्या ते मला कळेना.

मी कार्यालयात माझ्या खिडकीवर होतो. समोर रांग यंत्रांची. खोकणारा प्रिंटर होता, शेपटी हातात धरलेला माऊस होता, आणि सगळ्यात शेवटी माझं कार्ड, काखेत ते हसरं कुटुंब घेऊन. "साहेब, मला कुणी ओळखत नाही हो," ते म्हणालं. मी म्हणालो, "ओळख पटवायला दोन साक्षीदार आणा." ते म्हणालं, "एक घुबड आहे." मी म्हणालो, "घुबड चालतं, पण दुपारी आणू नका." मग माझ्या खिडकीतल्या फोनमधून कुणीतरी फार गोड आवाजात म्हणालं, जरा थांबा...

"ऊठ रे," आत्या मला हलवत होती, तिच्या टॉवेलवाल्या आवाजात. "ते थांबलंय. 'पूर्ण झालं' म्हणतंय. आता मी दिसेन का?"

"उद्या," मी म्हणालो.

रविवारी आत्यानं निळी साडी नेसली. चित्रीकरणाच्या वेळची तीच. "दोघी वेगळ्या दिसलो तर बरं दिसणार नाही," ती म्हणाली. अडीच वाजता मी जुना कर्नल सुरू केला. उठला बिचारा. मग मी ड्रायव्हर आत सोडला. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक लांबलचक किंकाळी उमटली आणि सगळं गोठलं. संगणकवाले याला कर्नल 'पॅनिक' झाला असं म्हणतात.

आमच्या घरात मोबाइलला रेंज नसते. ती जिन्यातल्या वळणावर राहते. तिथं उभं राहून मी कार्यालयातल्या जाणकार मित्राला फोन लावला. त्याला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ओरडावं लागलं. "अरे, कर्नल पॅनिक झाला! हो, जुनाच! ड्रायव्हरचं नाव काढलं आणि मान टाकली. काळाठिक्कर. हाक मारतोय, काही उत्तर नाही. शेवटी बटण दाबून धरलं आणि बंद करून टाकला!"

काकूंचं दार उघडंच होतं. आणि खाली कोपऱ्यावर, दर रविवारी असते तशी, बेकरीची गाडी उभी होती.

तीन वाजता जिन्याखाली पावलं धडधडली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. ड्रायव्हर, कोपरापर्यंत पिठानं पांढरा, कर्नलसाहेबांच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होता. दार उघडलं. साहेब पूर्ण शाबूत होते. हातात झारी होती.

सहा वर्षांनी दोघं एकमेकांकडे बघत होते.

"साहेब," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला, "तुम्ही पॅनिक झालात म्हणे."

"मी? मी उभ्या आयुष्यात कधी पॅनिक झालो नाही."

"माझं नाव निघालं आणि मान टाकलीत. बटण दाबून बंद केलं, असं काकू म्हणाल्या."

"मला बटण नाही," साहेब म्हणाले.

झारीतून पाणी ठिबकत होतं. मग दोघांनी एकाच वेळी मान वर केली. मी कठड्यावरून मागे सरलो, पण उशीर झाला होता.

पाच मिनिटांत दोघं आमच्या दिवाणखान्यात होते, मागोमाग काकू. मी सगळं कबूल केलं: कार्ड, कर्नल, दुसरा कर्नल, चाळीस सेकंदं. साहेबांचा चेहरा लाल झाला. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो; तक्रारींच्या खिडकीवर वाट बघायची सवय असते. पण ते आत्याकडे बघत होते. आत्या निळी साडी नेसून फिकट चौकोनासमोर बसली होती, मांडीवर पत्र.

ड्रायव्हरनं हात पुसले. "सुरू होताना आचका देते आणि बंद पडते?"

"हो," मी म्हणालो.

"मग आधी काही सैल आहे का बघा. सगळे इंजिन उघडायला धावतात." त्यानं खोक्याची बाजू उघडली, आत बोट घातलं आणि कार्ड दाबलं. टक असा आवाज आला. पाच दिवस ते कार्ड अर्धंच बसलेलं होतं. कॉम्प्युटर सुरू केला, जुना कर्नल उठला, ड्रायव्हर आत गेला आणि पडद्यावर ओळ आली: उपकरण ओळखले.

काकू म्हणाल्या, "मी मंगळवारीच सांगितलं होतं, हाच ड्रायव्हर घ्या."

मी खोक्याची बाजू परत बसवली.

आता सिग्नल. तीन वाजून पन्नास मिनिटं. ड्रायव्हर उभी दोरी फिरवायला गच्चीवर गेला. मी पडद्यावरचा आकडा वाचायचा, साहेबांनी खिडकीतून तो वर ओरडायचा, अशी रचना ठरली.

"सोळा टक्के," मी म्हणालो.

"डावीकडे घे!" साहेब गरजले.

"बारा."

"आणखी डावीकडे!"

"नऊ."

वरून आवाज आला, "साहेब, उजवीकडून बरं पडेल!"

साहेबांची पाठ ताठ झाली. मला खिडकीबाहेर कारंजं दिसायला लागलं. तीन पंचावन्न. छप्पन्न. पडद्यावर रंगीत चौकटी विटांसारख्या ढासळत होत्या. ही अकरा मिनिटं होणार, असं मी मनात धरून चाललो.

आणि मागून एक आवाज आला. गोड, संथ, आमच्यातल्या कुणाचाच नसलेला. "साहेब, ही लाइन व्यस्त आहे. दुसऱ्या लाइननं बघू या का?"

साहेबांनी वळून पाहिलं. आत्या तशीच बसली होती. त्यांनी पुन्हा खिडकीबाहेर मान काढली आणि घसा साफ केला.

"उजवीकडून घे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुला ठीक वाटेल तसं घे."

"चाळीस," मी म्हणालो. "साठ. एक्क्याऐंशी."

चित्र आलं.

कार्यक्रम सुरू झाला. एक माणूस तोंड हलवत होता. आवाज नव्हता. मी आवाज वाढवला, वायर उपटून परत लावली, दोन खिडक्या उघडल्या. शेवटी घुबडाचं मंचावरचं उत्तर उघडलं आणि नंतर वाचायचं ठरवलेलं वाचलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं: "एक लक्षात ठेव. आवाजाचं काम मी केलंच नाही. आईला ऐकू येत नसे."

"आत्या," मी म्हणालो, "आवाज येणार नाही गं."

आता ती रागावली असती तर मला हलकं वाटलं असतं. पण तिनं फक्त हात वर केला, गप्प राहा म्हणून. कारण पडद्यावर ती आली होती.

निळ्या साडीतली आत्या, जुन्या फळ्यासमोर. मागं वायरींचं जंगल, डोळ्यांत दिव्याचा एक ठिपका. तिनं मान थोडी कलती केली. बोलताना ती मान कलती करते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही. पडद्यावर ओठ हलले आणि खोलीत आत्या, त्या ओठांच्या तालावर, त्या परत केलेल्या आवाजात म्हणाली:

"नमस्कार. नंबर सांगा."

"दोन चार सात," साहेबांच्या तोंडून निघून गेलं. ते स्वतःच दचकले. त्यांच्या घरचा कित्येक वर्षांपूर्वीचा नंबर असणार.

पडद्यावरच्या आत्यानं एक वायर उचलली. "जरा थांबा," खुर्चीतली आत्या म्हणाली, "जोडून देते."

तेवढ्यात ड्रायव्हर गच्चीवरून धावत खाली आला, चित्र दिसतंय का बघायला. त्यानं अँटेना सोडल्याबरोबर सगळं जागच्या जागी गोठलं. चाळीसपैकी सदतीस सेकंदं झाली होती. पडद्यावर आत्या, हातात वायर, मान कलती, फळ्यापासून बोटभर अंतरावर. साहेब थोडे सरकले आणि दाराशी उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरला त्यांनी कोचावर शेजारी जागा करून दिली. साहेबांची बाही पिठानं पांढरी झाली. त्यांनी ती झटकली नाही.

आईनं सगळ्यांसाठी चहा आणला. मी कॉम्प्युटरकडे हात नेला. "अडकलंय. बंद करून परत चालू करतो."

"राहू दे," आत्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "लाइनवर कुणीतरी आहे."

चार दिवस झाले, कुणी मला बटणाला हात लावू देत नाही. अंगणातल्या गाडीवरचं आच्छादन निघालं आहे आणि मांजराची गैरसोय झाली आहे. उभी दोरी कायम करावी असा अर्ज साहेबांनीच दिला आहे. प्रयोजनाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते चिटणीस सांगत नाहीत, नुसते बूट वाजवतात.

घुबडाला मी कार्यालयातून उत्तर पाठवलं. बरंच मोठं लिहिलं होतं, मग सगळं खोडून एवढंच ठेवलं: "चित्र आलं. आवाज आमच्या घरातच निघाला."